उंदराला कसलं आलंय बीपी?

खलबत्ता:
काल एका लेखात वाचलं: "उंदरांवर बीपीचे प्रयोग म्हणजे निव्वळ उधळपट्टी. उंदराला ना कर्ज, ना साहेब, त्याला कसलं आलंय बीपी?" खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. तिथे उत्तर लिहायला घेतलं ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, उंदराला सहसा आपसूक बीपी होत नाही हे संशोधकांनाही कळतं. म्हणून तर ते घडवून आणतात. कातडीखाली बारीक पंप बसवून काही आठवडे अँजिओटेन्सिन-२ हे रक्तवाहिन्या आवळून दाब चढवणारं संप्रेरक सोडतात, नाहीतर एक मूत्रपिंड काढून डोका हे संप्रेरक आणि मिठाचं पाणी देतात. बघायचं असतं ते हे, की अमुक एक जनुक बदललं तर दाब किती हलतो. माणसात हे करून बघणार का? जनुकशास्त्रज्ञ ऑलिव्हर स्मिथीजच्या प्रयोगशाळेत अँजिओटेन्सिनोजेनच्या (अँजिओटेन्सिन ज्यापासून बनतं त्या प्रथिनाच्या) जनुकाच्या कमीजास्त प्रती असलेले उंदीर तयार केले. जितक्या प्रती जास्त, तितका दाब जास्त. 2007 मध्ये टी आणि बी या दोन्ही रोगप्रतिकारक पेशी नसलेल्या उंदरांना अँजिओटेन्सिन दिलं, तर दाब नेहमीसारखा चढेना. टी-पेशी परत घातल्यावर चढला, बी घातल्या तर नाही. बीपीत रोगप्रतिकारशक्तीचा हात आहे हे इतकं स्वच्छ दुसऱ्या कशातून दिसलं असतं?

तिरकस:
छान. आता टी-पेशींवर चालणारी बीपीची गोळी दाखवा. नाही ना? कॅप्टोप्रिल या बीपीच्या गोळीचा धागा ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषापासून निघाला. प्राण्यांचंच म्हणाल, तर बीपीचा खरा गडी रॅट, म्हणजे मोठा उंदीर. ओकामोटो आणि आओकी यांनी 1963 मध्ये आपसूक बीपी चढणारे रॅट जाहीर केले, मिठाने चढणारे डाहल यांचे. माऊस, म्हणजे तुमचा छोटा उंदीर, आला तो जनुकं खोडणं सोपं म्हणून.

आणि त्यातही सगळीकडे वापरतात तो सी-५७ वाणाचा काळा उंदीर! डोका आणि मिठाला तो फारशी दादच देत नाही. त्याच्यात रेनिनचं (अँजिओटेन्सिन बनवायला लागणाऱ्या विकराचं) एक जनुक, दुसऱ्या काही वाणांत दोन. अँजिओटेन्सिन पेशीवर ज्याला चिकटतं तो एटी-१ ग्राहक माणसात एक, उंदरात दोन. उत्तर वाणावर ठरत असेल तर कुठलं खरं धरायचं?

अबोली:
वाण राहू द्या, नर-मादी तरी बघा. वर्षानुवर्षं नुसते नर वापरले, कारण माद्यांचं संप्रेरकचक्र 'गुंतागुंतीचं'. माद्यांचा दाब त्याच अँजिओटेन्सिनने बहुतेकदा कमी चढतो, म्हणजे शिकण्यासारखं तिथेच होतं! संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेला 2016 मध्ये नर-मादी दोन्ही विचारात घ्यायचा नियम करावा लागला. प्रयोग नरांवर, गोळ्या मात्र आम्हीही गिळायच्या.

चिंचोका:
अबोली +१. त्यात उंदराचा दाब मोजतात कसा? नळीत कोंबायचं, शेपूट गरम करायची, तिला पट्टा आवळायचा. भेदरलेल्या जिवाचा आकडा घेऊन शोधनिबंध! पिंजऱ्याची खोली साधारण 22 अंशांवर, उंदराला सुखाचं तापमान 30 च्या आसपास. गारठ्यानेच त्याची नाडी वाढते.

नाना_निवृत्त:
नळीत कोंबणं वाचून आमचा दवाखाना आठवला. माझा आकडा तिथे 170, घरी 130. डॉक्टरांनी घरची वही बघितलीसुद्धा नाही, गोळी वाढवली. आठवड्यात न्हाणीघरात चक्कर येऊन पडलो. तेव्हापासून मी दवाखान्यातला आकडा मानत नाही.

तिरकस:
नाना, घरच्या मशीनचा पट्टा दंडाच्या मापाचा होता का? पट्टा लहान असला की आकडा उगाच वर जातो. पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, हात छातीच्या पातळीला ठेवून मोजता?

नाना_निवृत्त:
मोजतो. शिकवू नका.

अबोली:
नाना, रागवा हवं तर, पण असं जाहीर लिहू नका. माझ्या आईने घरच्या आकड्यांवर विसंबून गोळ्या सोडल्या होत्या. पक्षाघात झाला. दवाखान्यात बरा आणि घरी चढलेला, असं उलटंही असतं.

नाना_निवृत्त:
मी गोळी सोडा म्हटलंय का कुठे? वाचायचं नाही आणि अंगावर यायचं!

चिंचोका:
अहो, दोघांचंही उत्तर एकच, चोवीस तासांचा पट्टा लावून मोजणी. झोपेत दाब उतरतो की नाही तेही कळतं. पण ती लिहून देतो कोण?

खलबत्ता:
अवांतर: धागा उंदरांचा होता.

चिंचोका, उंदरांच्या बाबतीत हे कधीच झालंय. रोहिणीत बारीक नळी सरकवून रेडिओ-ट्रान्समीटर बसवतात. उंदीर आपल्या पिंजऱ्यात मोकळा आणि दाब रात्रंदिवस नोंदला जातो. शेपटीचा पट्टा स्वस्त म्हणून अजून चालतो, तो बंद झाला तर मला आनंदच आहे. एकाच वाणावरून माणसाबद्दल निष्कर्ष काढणारेही मूर्ख, घ्या, मानलं. पण तिरकस, तुमच्या रॅटनेही आपसूक बीपीचं पूर्ण कोडं सोडवलेलं नाही. साठ वर्षं झाली.

तिरकस:
मान्य. अर्धंच. माऊस 'यंत्रणा' दाखवतो इथपर्यंत ठीक. त्यावरून 'बीपीवर इलाज सापडला' अशी बातमी आली की मी परत येईन.

नाना_निवृत्त:
म्हणजे उंदराला शस्त्रक्रिया करून चोवीस तास मोजणी, आणि मला दोन मिनिटांत, उभ्या-उभ्या, शर्टाच्या बाहीवरून. वा.

अबोली:
नाना, बाहीवरून मोजू देऊ नका पुढच्या वेळी. एवढं तरी ऐका.