खर्चाचा आकडा मोठा आहे, पण तो पैसा मालकाचा कधी होता?

लालबागचा लाल

'हिशेबनीस ठाणे' यांनी परवा या चर्चामंचावर लिहिले की, मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या चाहत्यांनी क्लबचे मालक असलेल्या ग्लेझर कुटुंबाच्या नावाने खडे फोडणे आता थांबवावे. त्यांच्या मते, गेल्या दहा वर्षांत खेळाडूंच्या खरेदीवर इतका खर्च करणारे क्लब युरोपात मोजकेच आहेत आणि त्यामुळे 'मालक कंजूष' ही ओरड आकड्यांपुढे टिकत नाही. दोन दिवस मी गप्प बसलो, पण त्या लेखनाखालचे अंगठे पाहून राहवले नाही.

मालक कंजूष आहे अशी माझी तक्रार कधीच नव्हती. २००५ मध्ये क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना विकत घेतला गेला तेव्हा क्लबवर कर्ज नव्हते, आणि ज्याने विकत घेतला त्याने त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम उसनी आणून ते ओझे त्याच क्लबच्या पाठीवर टाकले, अशी माझी तक्रार आहे. त्यानंतर व्याज, शुल्क आणि लाभांश यांपोटी एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम बाहेर गेली. पोग्बा, मॅग्वायर, अँटनी हे सगळे खेळाडू आले ते तिकिटे, जर्सी आणि प्रक्षेपण हक्क यांच्या कमाईतून. ग्लेझरांच्या खिशातून एक दमडीही आली नाही. आपल्याच ताटातले वाढून 'किती वाढले पाहा' असे म्हणणाऱ्या यजमानाचे आभार कोणी मानावेत?

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. गिरणी गहाण टाकून मालकाने उचललेला पैसा साच्यांवर कधी आला नाही. तो दुसऱ्याच धंद्यात गेला, साचे तेच राहिले, छत गळू लागले आणि एक दिवस कागदोपत्री गिरणी 'आजारी' ठरली. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर ओल्ड ट्रॅफर्ड या युनायटेडच्या मैदानाच्या छताच्या कोपऱ्यातून धबधब्यासारखे पाणी कोसळताना मी पाहिले, तेव्हा मला साचेखात्यातल्या त्या बादल्या आठवल्या.

हिशेबनीस ठाणे

आपल्या वडिलांविषयी पूर्ण आदर राखून सांगतो की उपमा हृदयाला भिडणारी असली तरी येथे लागू पडत नाही. आजारी गिरणीचे उत्पन्न घटत जाते. युनायटेडचे २०२३-२४ चे उत्पन्न ६६ कोटी पौंडांच्या घरात होते. (त्याच वर्षी ११ कोटी पौंडांहून अधिक तोटा झाला, हे आपण सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.)

दुसरे असे की, १४.२५ टक्के व्याजाच्या ज्या कर्जाचा उल्लेख आपली मंडळी दर सहा महिन्यांनी करतात, ते कर्ज क्लबच्या नावावर नव्हते. ते मालकांच्या वरच्या कंपनीच्या नावावर होते आणि नोव्हेंबर २०१० मध्ये फेडले गेले. सगळी कर्जे एका गाठोड्यात बांधून जत्रेत फिरवणे सोपे असते, ताळेबंद वाचणे कठीण असते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अँटनीसाठी २०२२ मध्ये साडेनऊ कोटी युरो मोजले. पाच वर्षांच्या करारावर ही किंमत विभागली, तर वह्यांत दरवर्षी एक कोटी नव्वद लाख युरो खर्ची पडतात आणि खेळाडू मैदानावर असो वा बाकावर, ते पडतच राहतात. तीन वर्षांनी तो स्पेनच्या बेटिस क्लबला गेला तेव्हा हाती अडीच कोटींच्या आसपास आले. हा निर्णय व्याजामुळे घेतला गेला का? २०१३ मध्ये प्रशिक्षक फर्ग्युसन आणि मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल एकाच उन्हाळ्यात गेले आणि व्यवहाराची सूत्रे एका बँकरच्या, एड वुडवर्ड यांच्या हाती आली. तेव्हापासून पैसा होता, पारख नव्हती. मालकाला शिव्या देताना आपण पारख नसलेल्यांना मोकळे सोडता.

लालबागचा लाल

आणि त्या बँकरला खुर्चीवर बसवले कोणी? २००५ च्या खरेदीत ग्लेझरांना सल्ला देणाऱ्या बँकेत तेच गृहस्थ होते, हे आपल्या ताळेबंदात लिहिलेले नसते. ते वरचे कर्ज फेडायला पैसे कोठून आले हे मालकांनी कधी जाहीर केले नाही, याचाही उल्लेख आपण टाळलात. वरच्या मजल्यावरचे कर्ज खालच्या मजल्याचे नसते हे मान्य. पण वरच्या मजल्याला उत्पन्नाचे साधन म्हणून खालचाच मजला होता.

अंधेरीची निळी

दोघांच्याही विद्वत्तेला नमस्कार. मला एवढेच विचारायचे आहे की, येथून सात हजार किलोमीटरवरच्या क्लबच्या कर्जासाठी छाती पिटणाऱ्यांपैकी किती जण अंधेरीच्या क्रीडा संकुलात तिकीट काढून कधी बसले आहेत? आपल्या शहराच्या संघाने २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगची शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले. एप्रिल २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब म्हणजे मुंबई सिटी, आणि हरवले होते इराकच्या हवाई दलाच्या संघाला. त्या रात्री माझ्या कार्यालयातले सर्व 'युनायटेडप्रेमी' कोणाच्या तरी पायाच्या स्नायूची चौकशी करत होते.

मालकीबद्दल बोलायचे असेल, तर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या अबुधाबीतल्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने आमचा ६५ टक्के हिस्सा घेतला तेव्हा याच मंडळींनी 'विकले गेलात' म्हणून आम्हाला हिणवले होते. चार वर्षांत तीन मोठे चषक घरात आले, तेव्हा सर्वांची वाचा बसली. फॅशन स्ट्रीटवरची जर्सी घालून त्या क्लबला एक पैसाही न देणाऱ्यांनी त्याच्या पैशांचा हिशेब मागावा, हे मला विनोदी वाटते.

कूपरेजचे काका

ताई, आपला अभिमान रास्त आहे, पण शहराचा संघ २०१४ मध्ये जन्माला आला असे आपल्या लिहिण्यावरून वाटते, म्हणून मध्ये पडतो. महिंद्र युनायटेड हा या शहराचा संघ होता. २००५-०६ मध्ये त्याने राष्ट्रीय लीग जिंकली, डेरिक परेरा यांच्या हाताखाली. 'जीपवाले' म्हणत असत त्यांना. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. कर्जाची चर्चा मी तरी कधी ऐकली नव्हती. तेथे ग्लेझर नव्हते, कर्ज नव्हते, निदर्शने नव्हती. एक निर्णय झाला आणि संघ संपला.

मी स्वतः एका कार्यालयाच्या संघातून हारवूड लीग खेळलो आहे. आमचा संघ बंद झाल्याचे आम्हाला सूचनाफलकावरच्या परिपत्रकातून कळले. कँटीनच्या वेळा बदलल्याचे परिपत्रक वर होते आणि आमचे त्याच्या खाली, एकाच टाचणीने लावलेले. बूट लॉकरमध्ये होते ते न्यायला चार दिवसांची मुदत दिली होती. म्हणून मी म्हणतो की कर्ज काढणारा मालक वाईट खरा, पण ज्याला क्लबची गरजच वाटत नाही तो मालक अधिक वाईट. कर्ज फेडायला निदान क्लब जिवंत ठेवावा लागतो.

अंधेरीची निळी

काका, वयाचा मान ठेवून लिहिते, पण फुटबॉलचा कोणताही विषय निघाला की आपण कूपरेजवर येता आणि जे होते ते सर्व सोन्याचे होते असे सांगता. कूपरेजवर नंतर मुंबई एफसीही होता, २००७ ते २०१७. खालिद जमील यांनी तेथेच वर्षानुवर्षे अपुऱ्या साधनांत संघ तगवला, २०२५ मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले. मुंबई एफसी खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि नाहीसा झाला, तेव्हा किती लोकांनी उपोषण केले? आपण केले होते का? जुना संघ मेल्यावर रडायला सर्वांना वेळ असतो, जिवंत संघाच्या सामन्याला जायला मात्र गुडघे दुखतात.

कूपरेजचे काका

गुडघे खरोखरच दुखतात, आणि ते कूपरेजच्या खडबडीत मैदानावर पडूनच दुखतात, त्यामुळे या विषयावर मला शिकवणी नको. मुंबई एफसीच्या सामन्यांना मी जात होतो, आपण तेव्हा शाळेत असाल. आणि अंधेरीच्या वैभवाचे म्हणाल, तर २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचा पहिला 'घरचा' सामना पुण्यात बालेवाडीला झाला होता आणि अल हिलालविरुद्धचा नवी मुंबईत. परदेशी मालक आला, चषक आले, पण मुंबई शहरात आशियाई दर्जाचे मैदान आले नाही. २०२५ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला पंधरा वर्षांचा करार संपत आला, तेव्हा सगळ्या लीगचाच हंगाम रखडला. मालक अबुधाबीचा असो की वरळीचा, कागदाची मुदत संपली की खेळाडू घरी बसतात.

अंधेरीची निळी

मैदानाचा दोष क्लबचा नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. शाळेत असण्याचा उल्लेख मी विसरणार नाही. २०२३ च्या त्या सामन्याला मी बालेवाडीला गेले होते, परतताना द्रुतगती मार्गावर तीन तास अडकले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर होते. एवढेच लिहून मी या उपविषयातून बाहेर पडते.

ॲनफिल्ड पार्ले

कूपरेज आणि अंधेरीची लढाई संपली असेल तर मूळ विषयाकडे वळू. युनायटेडच्या मित्रांना रडण्याची कला साधली आहे, दबाव आणण्याची नाही. आमच्या लिव्हरपूल क्लबवरही २००७ मध्ये दोन अमेरिकनांनी उसन्या पैशाने कब्जा केला होता. चाहत्यांनी संघटना उभारली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये प्रकरण लंडनच्या न्यायालयात जाऊन त्यांना क्लब सोडावा लागला. पुढच्या मालकांनी ७७ पौंडांचे तिकीट काढले, तेव्हा ६ फेब्रुवारी २०१६ रोजी संडरलंडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून निघून गेले. संघ २-० ने पुढे होता, सामना २-२ सुटला, पण त्याच आठवड्यात मालकांनी माफी मागून दर मागे घेतला. दोन गुण गेले आणि मालक वठणीवर आला. इतका स्वस्त सौदा मी दुसरा पाहिलेला नाही.

लालबागचा लाल

लिव्हरपूलवाल्याकडून दोन गुण गमावण्याची थोरवी ऐकावी लागणे, हा माझ्या आयुष्यातला नवा नीचांक आहे. तरीही ७७ व्या मिनिटाची गोष्ट मानावी लागेल, आणि ती मी दात-ओठ खात मानतो.

मात्र आम्ही काही केले नाही हे खोटे आहे. २००५ मध्येच काही चाहत्यांनी वेगळे होऊन एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला. २ मे २०२१ रोजी, युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगचा डाव फसल्यानंतर, लोक ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले आणि आपल्याच लाडक्या क्लबविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. २०१० मध्ये न्यूटन हीथच्या, म्हणजे युनायटेडच्या मूळ नावाच्या संघाच्या, जुन्या रंगांची हिरवी-सोनेरी स्कार्फ हे निषेधाचे चिन्ह होते. मीही तेव्हा गल्लीतल्या शिंप्याकडून तशी शिवून घेतली होती, टेरीकॉटच्या दोन पट्ट्या जोडून, आणि मे महिन्याच्या उकाड्यात ती गळ्यात घालून करी रोडला गाडी पकडली. समोरच्या गृहस्थांनी आदराने विचारले, "हे उपरणे कोणत्या मंडळाचे?" मी त्यांना दादरपर्यंत कर्जरोख्यांची माहिती दिली. ते उतरताना म्हणाले, "म्हणजे वर्गणी तुमची आणि अध्यक्षांच्या घराला रंग." इतक्या कमी शब्दांत मला ते आजतागायत सांगता आलेले नाही.

अंधेरीच्या ताईंना उत्तर: माझ्या अंगावरची जर्सी फॅशन स्ट्रीटचीच आहे. ग्लेझरांना पैसे द्यायचे नाहीत म्हणूनच ती तशी आहे, असे मी आतापर्यंत सांगत आलो; खरे कारण म्हणजे अस्सल जर्सी परवडत नाही.

हिशेबनीस ठाणे

आता नवे भागीदार रॅटक्लिफ यांच्याविषयीही दोन शब्द लिहा, म्हणजे आपली निष्ठा तपासता येईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी २७.७ टक्के हिस्सा घेतला, आणि मैदानासाठी ३० कोटी डॉलर आणण्याचे वचन त्याच व्यवहारात होते. मालकाने पैसा घालावा हीच आपली मागणी होती ना?

लालबागचा लाल

लिहितो. जुलै २०२४ मध्ये प्रशिक्षक टेन हाग यांचा करार वाढवला, ऑक्टोबरमध्ये त्यांना काढले आणि ते व त्यांचे सहकारी यांना एक कोटी चार लाख पौंड मोजले. क्रीडा संचालक म्हणून डॅन ॲशवर्थ यांना महिनोन्महिने वाट पाहून आणले आणि पाच महिन्यांत निरोप दिला, त्यात आणखी ४१ लाख गेले. ही भरपाई कोठून काढली? दोन फेऱ्यांत मिळून चारशेच्या आसपास नोकऱ्या कापल्या, हंगाम चालू असताना सदस्यांचे तिकीट सरसकट ६६ पौंड केले आणि मुले व वृद्ध यांची सवलतही काढून घेतली. चूक वरच्या मजल्यावर होते आणि पगार तळमजल्याचा कापला जातो. मी हे घरात पाहिले आहे, त्यामुळे गिरणीची उपमा मी मागे घेणार नाही.

मे २०२५ मध्ये बिलबाओला झालेल्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्याच्या रात्री आई झोपली होती म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवला होता. टॉटनहॅमच्या ब्रेनन जॉन्सनचा तो गोल, जो धड गोलासारखा दिसलाही नाही, मी संपूर्ण शांततेत पाहिला. लीगमध्ये पंधरावे आणि युरोपा लीगमध्ये हार. दीड तास एक शब्द न उच्चारता अशा संघाकडे पाहत बसणे कसे असते, ते ताळेबंदात कोणत्या रकान्यात मांडता?

हिशेबनीस ठाणे

कोणत्याच नाही.

एक दुरुस्ती करतो, कारण दुरुस्ती न करता मला झोप लागत नाही. 'ग्लेझरांच्या खिशातून एक दमडीही आली नाही' हे आपले वाक्य चुकीचे ठरवायचे म्हणून मी काल रात्री २००५ नंतरचे भागभांडवल पुन्हा तपासले. ते ३० कोटी डॉलर रॅटक्लिफ यांचे होते. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात समभाग विकले गेले, त्यातील पैसा गुंतवणूकदारांचा होता, आणि तोही सगळा क्लबपर्यंत पोहोचला नाही. निम्मा विकणाऱ्या मालकांकडे गेला. त्यामुळे आपले वाक्य तसेच राहू द्यावे. अँटनीच्या किमतीबद्दलचे माझे म्हणणे मात्र मी बदललेले नाही, आणि बदलणारही नाही.