चावीचं कव्हर बदलल्यापासून गाडी सुरू होईना, लाल लाईट मारतेय

निपाणी_केए२३:
मंडळी जरा बघा की हे काय आहे. आमची पेट्रोल हॅचबॅक, २०१४ ची, चावी घालून फिरवायची जुनी पद्धत, रिमोट चावीतच. बटणावरचं रबर फाटलेलं म्हणून बेळगावला बसनं गेलतो तेव्हा बाजारातल्या एका चावीवाल्याकडनं नवीन कव्हर घालून घेतलो, सेलपण नवा घातला त्यानं. लॉक अनलॉक एकदम झकास होतंय, आधीपेक्षा लांबनं. पण गाडी चालू होईना. सेल्फ मारला की इंजिन जरा धरतंय आणि लगेच बंद, आणि मीटरवर गाडी आणि कुलुपाची लाल लाईट भराभर मारतेय. इथला मेकॅनिक म्हणतोय ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) गेलंय, मोठा खर्च आहे. कोल्हापूरला लग्नाला जायचंय ओ, काय करू?

घाटवाला_खानापूर:
इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी सिस्टीम) बायपास करून टाका की, करणारे आहेत, कटकटच नको.

वायरिंग_उद्यमबाग:
बायपास काय करतासा ओ, उद्या गाडी उचलून नेली तर चोराला आयतंच. आणि चोरीच्या क्लेमला इन्शुरन्सवाले कंपनीच्या दोन्ही चाव्या मागतात, वर गाडीत असलं काय केलेलं सापडलं तर क्लेम अडकवायला त्यांना निमित्तच मिळालं.

निपाणीकर तुम्ही थांबा, ईसीएमला हात लावू देऊ नका अजून. चावीत दोन वेगळी कामं असतात, बरेच जण दोन्ही एकच समजतात. दार उघडायचा रिमोट सेलवर चालतो, आपल्याकडं बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, तो तुमचा ठीक आहे. इंजिनला परवानगी देणारी चिप वेगळी असते आणि तिला सेल लागतच नाही. इग्निशनच्या भोवती कॉइलची एक रिंग असते, ती बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या आसपास लहर सोडते, त्यातनंच चिपला करंट मिळतोय आणि ती आपला कोड सांगतेय. जुळला तर ठीक, नाही जुळला की ईसीएम पेट्रोल किंवा स्पार्क तोडतंय, काही गाड्यांत तर सेल्फपण फिरत नाही. तुमचं धरून सोडतंय ते त्यामुळंच असणार.

आता मुद्द्याचं. कितीतरी चाव्यांत ही चिप रिमोटच्या प्लेटवर नसतेच, कव्हरच्या प्लास्टिकमध्ये एका खाचेत नुसती खोचलेली असते, काळी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, किंवा बारीक काचेची नळी. कव्हर बदलणारा प्लेट आणि पातं तेवढं उचलतो आणि चिप जुन्या कव्हरातच राहते. जुनं कव्हर टाकलासा काय? आणि दुसरी चावी आहे का घरात?

निपाणी_केए२३:
जुनं कव्हर चावीवाल्यानं पिशवीत घालून दिलतं, आहे कुठंतरी. दुसरी चावी आईच्या कपाटात. रात्री लॉक केल्यावरपण हीच लाईट हळूहळू मारते ती? ती तर गाडी घेतल्यापासनं आहे.

वायरिंग_उद्यमबाग:
ती बरोबरच आहे, गाडी राखणीवर आहे एवढाच अर्थ, चोराला दिसावी म्हणूनच ठेवलीय. चावी ऑन केल्यावर काय करते ते बघायचं. दोनेक सेकंद लागून विझली तर चावी ओळखली, मारतच राहिली तर ओळखली नाही. गाडीगाडीनं फरक पडतो, पुस्तकात बघा. आधी दुसरी चावी एकटीच लावा, झुबक्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी ठेवू नका, दोन चिपा जवळ आल्या की रिंगला कळत नाही कुणाचं ऐकायचं. त्यानंपण नाही झालं तर मग बॅटरीचं टर्मिनल बघा, पांढरी हिरवी बुरशी आली असेल तर गरम पाण्यानं धुवा. बॅटरी मार खाल्ली की सेल्फ मारताना व्होल्टेज पडतंय आणि चिप वाचताच येत नाही, तेव्हापण हीच लाईट.

शहापूरची_सुजाता:
माझी बटण स्टार्टवाली आहे, चोर्ल्यानं गोव्याला गेलतो तेव्हा चावी पाण्यात भिजली, दार उघडेना. चावीच्या पोटात लोखंडी चावी असते ती काढली, दार उघडलं आणि मग फोबच (रिमोटवाली चावी) स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं तर चालू. पार्किंगवाला बघतच राहिला. हे शोरूमवाल्यांनी डिलिव्हरीला सांगायला नको काय?

निपाणी_केए२३:
दुसऱ्या चावीनं पहिल्याच सेल्फला चालू झाली!! लाईटपण विझली. मग पिशवीतलं कव्हर टेबलावर उलटं करून ठोकलो तर काळा तुकडा टपकन पडला, त्याला सुकलेलं गोंद चिकटलेलं. नवीन कव्हरात तसलीच खाच आहे, बसवलो, आता दोन्ही चाव्या चालतायत. मेकॅनिकला सांगितलो तर म्हणतोय बघितलंस, ईसीएम आपोआप सेट झालं 😂

वायरिंग_उद्यमबाग:
😂 त्याला सेट होऊ द्या. चिपला गोंदाचा एक थेंब लावा, नाहीतर चावी पडली की खडखडते आणि काचेची असली तर फुटते. पुढच्या वेळी नुसतं रबर मिळतं बघा, कव्हर कशाला बदलायचं.

घाटवाला_खानापूर:
वायरिंगवाले, माझी गाडी पावसात महिना महिना उभीच असते, ही लाईट रात्रंदिवस मारून बॅटरी उतरते काय?

वायरिंग_उद्यमबाग:
लाईटनं नाही ओ, ती काही मिलीअँपची. पण महिनाभर उभी ठेवली तर बाकीच्या वायरिंगनं उतरते, आठवड्याला एक फेरी मारा नाहीतर निगेटिव्ह काढून ठेवा. काढायच्या आधी दार उघडायची लोखंडी चावी जवळ ठेवा, बॅटरी काढल्यावर रिमोट चालत नाही.