राधानगरी अभयारण्यात कोळ्यांचं सर्वेक्षण : पद्धत, साहित्य, परवानगी

करवीर_प्राणिशास्त्र

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडून राधानगरी अभयारण्यात वर्षभर कोळ्यांच्या विविधतेचा अभ्यास करायचा आहे. गट चार जणांचा. तीन अधिवास ठरवलेत : दाजीपूरकडचं निमसदाहरित जंगल, कातळाचे सडे आणि ओढ्याकाठची झाडी. अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं, त्यामुळे सगळीकडे फिरणं शक्य नाही हे मान्य.

अडचण अशी की जुन्या अहवालांत नुसत्या प्रजातींच्या याद्या मिळतात. किती वेळ शोधलं, कशाने पकडलं याचा पत्ता नसतो. आम्हाला तसं करायचं नाही. नमुने किती घ्यावेत? पिटफॉल सापळे (जमिनीत पुरलेले ग्लास) लावावेत का? फोटोवर ओळख पटवून भागेल का, की प्राणी गोळा करावेच लागतील? आणि परवानगीचं नक्की काय?

जाळेकर

सर, यादी आणि तुलना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला सडा आणि जंगल यांची तुलना करायची असेल तर दोन्हीकडे श्रम सारखे पडले पाहिजेत आणि ते मोजलेले असले पाहिजेत. यासाठी तासाचं माप सगळ्यात सोपं : एका माणसाने एकाच पद्धतीने घड्याळ लावून केलेला एक तास म्हणजे एक नमुना. त्या तासात गोळा केलेला प्रत्येक कोळी एकाच क्रमांकाच्या पिशवीत. कुपी भरण्याचा वेळ तासात धरायचा की नाही हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि वर्षभर बदलू नका.

चार पद्धती पुरतात. खालचा शोध, म्हणजे गुडघ्याच्या खाली : पाचोळा, दगड, बुंध्याचा तळ. वरचा शोध, गुडघ्यापासून हात पोचेल तिथपर्यंत. फांद्या झोडपणं. आणि चौथी, गवत असेल तिथे जाळी फिरवणं, जंगलात पाचोळा चाळणं. चौघांनी प्रत्येक पद्धत एकेकदा केली की एका अधिवासाचे १६ नमुने होतात, तीन अधिवासांचे ४८, तीन हंगामांचे १४४. सगळ्यांनी सगळं केल्यामुळे हात बसलेला आणि नवखा हा फरक आपोआप वाटला जातो. तरीही प्रत्येक नमुन्यावर करणाऱ्याचं नाव हवंच. फक्त एक ध्यानात ठेवा : चौथी पद्धत सड्यावर आणि जंगलात वेगळी असल्यामुळे थेट तुलना पहिल्या तीन पद्धतींच्याच नमुन्यांवर करा. चौथी एकूण यादीत धरा.

वरच्या आणि खालच्या शोधातले निम्मे तास रात्रीचे ठेवा. पुढच्या हंगामात दिवस-रात्रीची माणसं बदला. रात्रीचा शोध वगळला तर यादी लंगडी राहते. हेटेरोपोडासारखे शिकारी कोळी, रात्री जाळं विणून पहाटे गुंडाळणारे कोळी दिवसा दिसतच नाहीत. बॅटरी कपाळावरच बांधा. लायकोसिडी (वुल्फ स्पायडर) कुळातल्या कोळ्यांचे डोळे प्रकाश आला त्याच दिशेने परत फेकतात. बॅटरी कमरेजवळ धरली तर ती चमक तुमच्या डोळ्यांपर्यंत येत नाही.

झोडपायला एक मीटर चौरस पांढरं कापड, चार कोपऱ्यांना काठ्या. प्रत्येक फांदीला मोजून पाच दणके, मग लगेच कापडावर बघायचं. साल्टिसिडी, म्हणजे उड्या मारणारे, चार-पाच सेकंदांत पसार होतात. बारीक कोळ्यांसाठी चोषनळी (तोंडाने हवा ओढून कोळी आत घ्यायची नळी) वापरा आणि तिच्या तोंडाकडच्या टोकाला आतून मलमल लावा. ओल्या फांद्या झोडपू नका : पाण्यासोबत पडलेले कोळी कापडाला चिकटून चिरडतात. गवतातली जाळीही दव उतरल्यावरच.

हंगाम : सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर, जानेवारी-फेब्रुवारी, एप्रिल-मे. वेळ कमी पडला तर पहिला हंगाम कापू नका. चक्राकार जाळी विणणाऱ्या पुष्कळ कोळ्यांच्या माद्या पावसाळा सरताना प्रौढ झालेल्या असतात. त्या प्रौढ मिळाल्या नाहीत तर बाकीची मेहनत अर्धी वाया जाते.

रानवाट

परवानगीबद्दल. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं कलम २८ अभ्यासासाठी आत जाण्याच्या परवान्याचं आहे. तो हातात आला की काम झालं असं पुष्कळांना वाटतं. प्राणी उचलून न्यायचा असेल तर कलम २९ लागतं. कोळी छोटा असला तरी कायद्याच्या भाषेत तो वन्यजीवच. अर्ज कोल्हापूरच्या वन्यजीव विभागामार्फत नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो, तेव्हा वेळ धरूनच हंगाम आखा. अर्जात अधिवास, पद्धती, प्रत्येक प्रजातीचे जास्तीत जास्त किती नमुने घेणार आणि ते शेवटी कुठे जमा करणार हे स्पष्ट लिहा. ‘आवश्यकतेनुसार नमुने’ असं मोघम लिहिलं की फाईल शंका काढून परत येते.

पोसिलोथेरिया जातीचे (जात म्हणजे जीनस, प्रजाती म्हणजे स्पीशीज) झाडावरचे मोठे टॅरँटुला दिसले तर फक्त फोटो आणि नोंद. २०१९ पासून ही जात साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. पाळण्यासाठी त्यांची चोरटी खरेदी-विक्री होते, म्हणून ढोलीचं नेमकं ठिकाण जाहीर अहवालात किंवा फेसबुकवर टाकू नका. वनविभागाला मात्र ते द्या.

नमुने जमा करायला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. आधी पत्रव्यवहार करून ठेवा.

कातळसडा

पिटफॉलबद्दल माझं मत जरा कडक आहे. जंगलात लावा, पण पावसात नको आणि जाळीशिवाय तर मुळीच नको. या भागात जमिनीवरून फिरणारे बेडूक, पाली, देवगांडूळ पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच फक्त पश्चिम घाटात सापडणारे. कोळी मोजायला गेलो आणि ग्लासात बेडूक मेले, असं अभयारण्यात होता कामा नये.

लावायचेच तर असे : ३०० मिलीचे दोन प्लास्टिकचे ग्लास एकात एक. बाहेरच्याला तळाशी भोकं, म्हणजे झिरपलेलं पाणी साठून आतला ग्लास वर उचलला जात नाही. ग्लासची कड मातीशी अगदी समपातळीत. दोन मिलिमीटर जरी वर राहिली तरी लहान कोळी कडेवरून वळून जातात. ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण खड्डा भरल्यावर माती दबते आणि दुसऱ्या दिवशी कड उघडी पडते. म्हणून लावल्यावर एका दिवसाने माती पुन्हा सारखी करा. तोंडावर साधारण दोन सेंटिमीटर भोकांची तारजाळी, तिच्यावर तीन सेंटिमीटर उंच छप्पर. ओळीत दहा ग्लास, पाच-पाच मीटरवर, सात दिवस.

आत प्रत्येकी १०० मिली प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. थेंब टाकले नाहीत तर हलके कोळी पृष्ठभागावर तरंगतात आणि चालून बाहेर पडतात. गाडीचं कूलंट वापरू नका. त्यात बहुधा एथिलिन ग्लायकॉल असतं, ते चवीला गोड आणि विषारी, आणि राधानगरीत अस्वलं, रानडुकरं, मुंगूस सगळे आहेत. फॉर्मालिनही नको, कोळ्यांचे पाय ताठ होतात आणि डीएनए बिघडतो.

सड्यावर मात्र पिटफॉल विसरा. जांभ्याच्या कातळावर माती बोटभर. पहारीने खड्डे पाडून सड्याची वाट लावण्यात अर्थ नाही. तिथे सुटे दगड उलटून पाहायचे आणि होते तसेच, त्याच बाजूने परत ठेवायचे. दगडाखालचा ओलावा गेला की तिथली सगळी वस्ती जाते. सकाळी दव असताना गवतातली हिप्पासा कोळ्यांची नरसाळ्यासारखी जाळी झटकन दिसतात : एक मीटर चौरस चौकट टाकून ती मोजा, पकडायची गरजही नाही. सड्यावरचं गवत अलीकडे जळालं असेल तर तारीख विचारून लिहून ठेवा, नाहीतर वणव्याचा परिणाम तुम्ही हंगामाच्या नावावर मांडाल.

करवीर_प्राणिशास्त्र

कातळसडा, पटलं. पिटफॉल फक्त जंगलात, एप्रिलमध्ये, एकच ओळ आणि हिशेब वेगळा ठेवतो. आता जतन आणि ओळख. विभागात ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल भरपूर आहे, ते चालेल का? आणि फोटोचा प्रश्न राहिला.

पाल्पतपासणी

आयसोप्रोपिलने नमुने कडक होतात, डीएनएसाठीही भरवसा नाही. इथेनॉलच घ्या, महाविद्यालयाच्या उत्पादन शुल्क परवान्यावर मिळतं. ९५ टक्क्यांचं असेल तर ७३५ मिली मोजून पाण्याने एक लिटरपर्यंत भरा, साधारण ७० टक्के होतं. २४ तासांनी एकदा अल्कोहोल बदला. कोळ्याच्या अंगातलं पाणी उतरून ते पातळ होतं आणि मोठ्या माद्यांचं पोट सडू लागतं. प्रत्येक प्रजातीच्या एका नमुन्याचा पाय आधीच काढून ९५ टक्क्यांत, वेगळ्या कुपीत, तोच क्रमांक घालून ठेवा.

चिठ्ठी कुपीच्या आत. जाड कागद, पेन्सिल. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, लेझर प्रिंटची अक्षरं कालांतराने सुटून तळाशी बसतात. चिठ्ठीवर ठिकाण, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पद्धत, दिवस की रात्र, गोळा करणारा. नुसता ‘राधानगरी’ लिहिलेला नमुना पुढच्या अभ्यासकाच्या काहीच कामाचा नाही.

फोटो नक्की काढा, जिवंतपणीचा, कारण हिरवा रंग अल्कोहोलमध्ये उडतो. पेउसेटिया हा हिरवा कोळी दोन-चार दिवसांत पिवळट-पांढरा दिसू लागतो. समोरून डोळ्यांची मांडणी, वरून, पोटाकडून आणि जाळं, असे चार फोटो. यावर कुळ आणि बऱ्याचदा जात ठरते. नेफिला पिलिपेससारखे ठळक कोळी प्रजातीपर्यंतही जातात. पण अर्जिओपे अनसुजा आणि अर्जिओपे पुल्केला नुसत्या पाठीवरच्या पट्ट्यांवरून सांगणं धोक्याचं. प्रजाती ठरते मादीच्या एपिजाईनवरून (पोटाखालचा जननभाग) आणि नराच्या पाल्पवरून (तोंडाजवळचा, मीलनात वापरायचा अवयव), म्हणजे फक्त प्रौढांत. पिल्लं गोळा करून उपयोग नाही, ती तिथेच सोडा.

एपिजाईन सुईने अलगद सोडवून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये कोमट करून पाच-दहा मिनिटं, मग पाण्यात धुवून ग्लिसरीनमध्ये बघा. जास्त वेळ ठेवलं तर आतल्या नळ्याही पारदर्शक होऊन दिसेनाशा होतात. लवंग तेल सावकाश काम करतं पण सुरक्षित, विद्यार्थ्यांच्या हाती तेच द्या. पाल्प नेहमी डावा काढा, आकृत्या बहुधा डाव्याच्याच असतात. नमुना स्थिर राहायला पेट्री डिशमध्ये धुतलेली बारीक वाळू आणि तिच्यावर अल्कोहोल. काढलेला भाग बारीक नळीत घालून त्याच कुपीत परत.

नावं वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगवर तपासूनच लिहा. भारतातली कितीतरी जुनी नावं आता दुसऱ्या प्रजातींत विलीन झालीत.

जाळेकर

यात एक भर. नर-मादी वेगळे दिसल्यामुळे एका प्रजातीच्या दोन होतात. नेफिला पिलिपेसची मादी चार सेंटिमीटरची आणि नर जेमतेम पाच मिलिमीटरचा, त्याच जाळ्याच्या कडेला बसलेला. मुंगीसारख्या दिसणाऱ्या उड्या मारणाऱ्या कोळ्यांत नराचे जबडे इतके लांब की तो वेगळीच जात वाटतो. एका जाळ्यावर मिळालेले नर-मादी एकाच क्रमांकाखाली नोंदवा.

हा गोंधळ आकड्यांत थेट उतरतो. समजा ८० प्रजाती मिळाल्या. त्यातल्या २४ चा एकेकच नमुना आहे आणि १२ चे दोन-दोन. चाओ-१ या न सापडलेल्या प्रजातींचा अंदाज देणाऱ्या सूत्राप्रमाणे एकट्यांचा वर्ग भागिले दोनदा मिळालेल्यांची दुप्पट : ५७६ भागिले २४, म्हणजे आणखी २४. अंदाज १०४, तुमची नोंद सुमारे ७७ टक्के पूर्ण. आता त्या एकट्यांत सहा जण चुकून वेगळे मोजलेले नर असतील तर अंदाज कुठल्या कुठे जातो. म्हणून गणित करण्याआधी एकट्या प्रजातींच्या सगळ्या कुपी पुन्हा एकदा सूक्ष्मदर्शकाखाली काढा.

रानवाट

रात्रीच्या कामाला वनरक्षक किंवा स्थानिक वाटाड्या बरोबर असल्याशिवाय निघू नका. गवा वाटेत उभा असेल तर बॅटरी जमिनीकडे वळवून आलात तसे मागे सरका, बाजूने जायचा प्रयत्न नको. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे सुती मोजे. डिसेंबर ते मे गोचिडांची काळजी घ्या : शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात, गोचिडांमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. पाचोळा चाळणारा माणूस गुडघे टेकून बसतो, त्यामुळे गोचीड त्यालाच आधी लागते. पँट मोज्यांत खोचा आणि परतल्यावर अंग तपासा. ताप आला तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगा.