मदत हवी आहे: उड्या मारणाऱ्या पिल्लासाठी नर-मादी दोघांनाही शोभेल असं नाव

पिल्लू ८ आठवड्यांचं झालं की घरी येणार. नर की मादी ते अजून ठरलेलं नाही, पण नाव आधीच पक्कं करायचंय. सगळीच भावंडं एक नंबरची उचापती आहेत, त्यामुळे नावातही तो खट्याळपणा हवा.

नाव दोन अक्षरी, फार तर तीन. शेवट स्वराचा असला तर बरं, मैदानात लांबून हाक ताणता येते. हुकूम मराठीतच देणार: बस, थांब, ये, सोड, नाही. म्हणून ‘सोनू’ बाद (‘सोड’शी घोळ), ‘येडू’ही बाद, आवडलं होतं तरी. घरात आधीच ‘चिकू’ आहे, तेव्हा टिकू-मिकू सुचवू नका. एकाला हाक मारली की दोघंही धावत येतील.

‘-या’ लावला की नाव नराचं होतं (मोत्या, खंड्या), ‘-ई’ लावली की बहुतेक मादीचं. ‘-ऊ’ दोघांना चालतो, म्हणून ‘भिरभिर’वरून ‘भिरू’ काढलं; पण ते ऐकायला थेट ‘भीरू’, म्हणजे भित्रं! ‘झटपट’ दहा वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं, जीभ अडखळते.

आता उरलेत ‘गिरकी’ आणि ‘झपाक’. ‘गिरकी’ नराला खटकेल का? ‘झपाक’च्या शेवटच्या ‘क’मुळे लांबून हाक तुटते, असा कुणाचा अनुभव आहे का? आणि अशाच नादाच्या शब्दांतून ‘-ऊ’ किंवा ‘-ओ’ने संपणारं, चिकूपेक्षा वेगळं ऐकू येणारं आणखी काय निघेल?