२५ डिसेंबर नेमका कोणाचा?

‘नाताळ म्हणजे सॅटर्नेलिया या प्राचीन रोमन सणाची नक्कल’ हे म्हणणं मला घाईचं वाटतं. सॅटर्नेलिया १७ डिसेंबरला सुरू व्हायचा. २५ तारीख ‘अजिंक्य सूर्य’ या रोमन देवाची होती खरी. पण त्या तारखेला सूर्याचा उत्सव आणि ख्रिस्तजन्म, दोन्हींची सर्वांत जुनी नोंद रोमच्या ३५४ सालच्या एकाच संग्रहात मिळते. कोणी कोणाकडून घेतलं, हे त्यावरून ठरत नाही.

शिवाय हा सण मूर्तिपूजकांचा म्हणून सोडा, असा आग्रह कट्टर ख्रिश्चनांनीच धरला होता! अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटनांनी, म्हणजे अशाच कट्टर प्रोटेस्टंटांनी, १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला.

मी देव मानत नाही. तरी वसईच्या मित्राकडे दरवर्षी नाताळला जातो, आणि त्याची आई ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासमोर प्रार्थना म्हणते तेव्हा मनापासून हात जोडून उभा राहतो.