जमातच्या ग्रुपवर घरगुती सल्ला द्यावा का?

दारव्हावाला: आमच्या तालुक्यातल्या मुस्लिम पोट्ट्यांचा ग्रुप हाय, आधी इफ्तारचा टाईम अन् स्कॉलरशिपच्या तारखा एवढंच चालायचं, आता लोक नवऱ्याशी पटत नाही, मेहर (निकाहात नवऱ्यानं बायकोले कबूल केलेली रक्कम) बुडवली, झोप लागत नाही असं सगळं विचारून राह्यले. सल्ल्याची वेगळी सोय करावी का? काहीजण म्हणतात मौलानांकडे धाडा, संपलं.

बाळापूरची आपा: करा बाप्पा, पण ग्रुपवर नको. रात्री मेसेज पडला का सकाळी पिठाच्या चक्कीवर चर्चा. अन् सल्ला देणाऱ्याले हे तरी माहीत पाहिजे का एका दमात तीन तलाक २०१९ च्या कायद्यानं रद्दच हाय, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वकीलभाऊ: फतवा कायद्यानं बंधनकारक नाही, सुप्रीम कोर्टानं २०१४ मधेच सांगितलं. नमाज-रोज्याचं मौलानांले विचारा, पोटगीसाठी तालुका विधी सेवा समितीत जा, बायांले वकील फुकट भेटते. झोपेचं, टेन्शनचं टेलिमानसले, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनले विचारा, नंबर १४४१६.

दारव्हावाला: सरकारी नंबरावर आमच्या बाया बोलत नाहीत ना भाऊ, आधी आपल्यातलंच कोणी लागते.

बाळापूरची आपा: मंग दोन समजदार बाया निवडा, त्यांनी फक्त ऐकावं अन् नंबर लावून द्यावा. स्क्रीनशॉट फिरवणारा दिसला का काढा ग्रुपातून, काऊन ठेवता अशाले!