'ग्रोथ फॅक्टर'ला वृद्धिघटक म्हणावं का?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): भाची प्राणिशास्त्र शिकते. काल आईला ती 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर', म्हणजे चेतापेशींना (नर्व्ह सेल्सना) लागणारं एक द्रव्य, समजावून सांगत होती. मी 'वृद्धिघटक' हा शब्द सुचवला, तर आई म्हणाली, "घटक म्हणजे औषधाच्या बाटलीवर लिहितात तेच ना?" तेव्हापासून शब्द खटकतोय. दुसरा आहे का?

उत्तर: आईंचं अगदी बरोबर आहे. ज्यातून वस्तू बनते तो घटक, जसं शेवेत बेसन. चेतापेशी काही या द्रव्यातून बनत नाही, ते तिला बाहेरून मिळतं.

'वृद्धी'सुद्धा अर्धंच सांगते. कोंबडीच्या भ्रूणात पायाचा अंकुर काढून टाकला की त्या बाजूच्या चेतापेशी कमी भरतात. त्या तयारच होत नसाव्यात, असं आधी वाटायचं. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटलीतल्या तुरीनला, घरातल्या झोपायच्या खोलीत, अंडी घेऊन हे तपासलं. पेशी तयार होतात, तंतूही पाठवतात, पण पलीकडे पायच नसल्यानं तिकडून काहीच न मिळाल्यामुळे मरतात, असं त्यांना दिसलं. पलीकडून मिळणारं ते द्रव्य म्हणजेच नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, पुढे स्टॅनली कोहेन यांनी ते शुद्ध केलं. दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं.

म्हणजे मुख्य काम जगवण्याचं. मी 'संजीवक' म्हणेन. द्राक्षबागायतदार वेलींवर फवारायच्या जीएला (जिबरेलिक ॲसिडला) संजीवकच म्हणतात, शब्द रुळलेला आहे.

प्रश्नकर्ता: पण संजीवनी मेलेल्याला उठवते. इथे तर मेलेली पेशी गेलीच. शिवाय भाची सांगते, चेतापेशींची गाठ बशीत ठेवून हे द्रव्य घातलं, की दिवसभरात तिच्याभोवती तंतूंचं प्रभामंडळ उगवतं. मग वाढ खोटी कशी?

उत्तर: खोटी नाहीच, नाव तिथूनच पडलं. संजीवनीचा आक्षेपही मान्य. मग आपलं साधं 'तगणं' घ्या ना! पाऊस लांबला तरी रोपं तगली, म्हणतो आपण. निरोगी भ्रूणातही कितीतरी चेतापेशी जास्तीच्या तयार होतात. ज्यांना हे द्रव्य पुरेसं मिळतं त्या तगतात, बाकीच्या गळतात.

प्रश्नकर्ता: हे आवडलं. शेजारच्या गुजराती बेननाही विचारलं, त्या चटकन 'टकावनार' म्हणाल्या. सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली राज्यकारभाराचे शब्द कितीतरी भाषांत शेजारी शेजारी मांडून कोश केला होता, त्याची आठवण झाली. भाचीच्या वहीत 'तगवणारं द्रव्य' लिहून दिलंय. आईनं ते वाचलं आणि विचारलं, "मग आपल्याला म्हातारपणी कोण पुरवतं ते?"

उत्तर: आईंना सांगा, मोठ्या माणसाच्या मेंदूतही अशी द्रव्यं तयार होत असतात. एक १९८२ साली डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं होतं.